बटण दाबा, बुवा व्हा

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने बी.कॉम. त्यामुळे संगीतावर टीका करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण आपल्याकडे क्रिकेटवर बोलायला बॅट धरता यावी लागते थोडीच!

तर झालं असं. माझा भाचा कॉलेजसाठी महाडला आमच्याकडे राहतो. त्याने मागच्या खोलीत 'स्टुडिओ' काढला आहे. एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन, ज्याला इंटरफेस म्हणतात असा एक डबा, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला टांगलेल्या आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या. "अहो, थंडीत गाणी पांघरायची आहेत का?" हा सौभाग्यवतींचा त्यावरचा एकमेव अभिप्राय.

या स्टुडिओकडे मी स्वतःहून गेलो, त्याला कारण होतं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत आमचे भजनीबुवा राहतात. वय 78. त्यांच्या ऐन उमेदीतल्या भजनांच्या 14 कॅसेटी मी 'कॉम्प्युटरवर उतरवून देतो' म्हणून मोठ्या तोऱ्यात घेऊन आलो होतो. आज करू, उद्या करू, मार्च एंडिंग झालं की करू, असं करत दोन वर्षं त्या खालच्या कपाटात राहिल्या. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी घरात शिरलं. चिखल उपसताना कॅसेटी सापडल्या, पण त्यांची फीत शेवयांसारखी हातात आली. बुवा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून ठरवलं, की आहे तो आवाज तरी धरून ठेवायचा. बुवा, पेटी, पखवाज आणि चार टाळकरी अशी मंडळी जीपने महाडला आणली. दोन तास भजन झालं. रात्री भाच्याने कॉम्प्युटरवर एक प्लग-इन उघडलं, त्यातल्या यादीतून 'मेल व्होकल ब्राइट' असं काहीसं निवडलं, बटण दाबलं आणि आवाज असा काही उसळला की आम्ही सगळे एका सुरात "वा!" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बुवांच्या कानाला हेडफोन लावला. बुवांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं. मग कौतुकाने म्हणाले, "बरा गातोय. कोन रं ह्यो?"

त्या प्रश्नानंतर मी महिनाभर बँकेतून आल्यावर मिक्सिंगची पुस्तकं वाचत बसलो. पहिला शोध लागला तो आमच्या 'वा!'चा. ते बटण दाबलं की आवाज थोडा मोठाही होत होता आणि माणसाच्या कानाला मोठं ते चांगलं वाटतं. वाण्याचं बोट तराजूवर असतं, तसं. दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणून ऐकल्यावर भाच्याचासुद्धा चेहरा पडला.

मग कॉम्प्रेसर. ही भानगड मला ताबडतोब समजली, कारण तो शुद्ध आयकर आहे. थ्रेशोल्ड म्हणजे करमुक्त मर्यादा. तिच्या खालच्या आवाजाला हात लावायचा नाही. रेशो चारास एक असेल तर मर्यादेवरच्या दर चार डेसिबलमधला एक तुमचा, तीन सरकारजमा. मग एकूण पातळी खाली येते म्हणून मेकअप गेन नावाचा महागाई भत्ता सगळ्यांना सरसकट. आता मला सांगा, माझं उत्पन्न किती हे न विचारताच परदेशातल्या कुणी तरी माझा कर आधीच भरून ठेवला, तर चालेल का? प्रीसेट नेमकं तेच करतो. बनवणाऱ्याने स्वतःच्या गायकाच्या पातळीवर मर्यादा ठरवलेली असते. बुवा सुरुवात पुटपुटल्यासारखी करतात आणि गजराला वर चढतात. त्यांचा सगळा जीव त्या चढात. बटणाने गजराला जबर कर लावला, पुटपुटण्याला भत्ता दिला, आणि घाट सपाट करून त्याचा हायवे केला.

त्याहून मोठा घोटाळा निराळाच होता. हे प्रीसेट धरून चालतात, की गायक काचेच्या खोलीत एकटा आहे. आमच्या खोलीत सात माणसं मांडीला मांडी लावून! बुवांच्या माइकमध्ये टाळही येत होते. 'ब्राइट'ने वरच्या कंपनांना उठाव दिला, तेव्हा बुवांच्या आधी टाळ उजळले आणि कानात सुया टोचू लागले. वर खालचा भाग छाटल्याने बुवांची छाती गेली. उरला तो कुणी तरी तिशीतला उत्साही तरुण.

यात प्लग-इनवाल्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. आमचं तर फुकटातलं होतं. ख्रिस लॉर्ड-आल्गी या अमेरिकन मिक्सिंग इंजिनियरच्या नावाने वेव्हज कंपनी आयते संच विकते. ज्या गाण्यासाठी ते केले तिथे ते उत्तमच असणार. ऑटो-ट्यून 1997 मध्ये काढणारे अँडी हिल्डब्रँड तर आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचा हिशेब करत. इतकी विद्या त्या बटणात कोंबलेली आहे. पण दुसऱ्याचा चष्मा कितीही भारी असला तरी नंबर त्याचा असतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळा सरंजाम घेऊन वाडीवर गेलो. मी वाचून आलो होतो, की असला माइक समोरचं जास्त ऐकतो, पाठीमागचं सर्वांत कमी. तेव्हा माइक बुवांच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवला आणि टाळकऱ्यांना माइकच्या पाठीमागे, बुवांच्या समोर बसवलं. त्यावर अर्धा तास रुसवा. "आमी काय वाळीत टाकलेले?" मी त्यांना सांगितलं, की 'सैराट'च्या वेळी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला सोनीच्या स्टुडिओत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तिथेसुद्धा कोण कुठे बसणार हे आधीच ठरलेलं असतं. हॉलिवूड म्हटल्यावर मंडळी मुकाट्याने बसली. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तेव्हा मात्र हॉलिवूडचा इलाज चालेना. चहा घेऊन तो थांबायची वाट पाहिली.

घरी आल्यावर पंधरा दिवस नुसत्या पातळ्या जुळवल्या. इथे माझीही विद्या उघडी पडली. पुस्तकात 250 हर्ट्झच्या आसपास चिखल असतो असं लिहिलेलं. चिखलाचा मला केवढा राग, हे महाडकरांना सांगायला नको! मी तो इतका उपसला की कणीक लावलेला पखवाज रॉकेलच्या डब्यासारखा वाजू लागला. भाच्याने काही न बोलता तो परत भरला. शिवाय घुमाऱ्यासाठी त्याने जो प्रीसेट लावला, तो मी तसाच राहू दिला. घुमारा म्हणजे शेवटी खोली. खोली आयती बांधलेली घ्यायला हरकत नाही, आत बसलेला माणूस मात्र आपला पाहिजे.

गणपतीच्या आधी बुवांना ऐकवलं. मध्ये एके ठिकाणी त्यांचा खोकला राहून गेला होता, तिथे त्यांनी डोळे उघडले. "ह्यो मीच," म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, "आता पान्यात जानार न्हाय ना?"

तीन प्रती केल्या आहेत. एक वाडीवर, एक त्यांच्या मुलाकडे मुंबईला. तिसरी आमच्याकडे महाडला, माळ्यावर. सगळ्यात वरच्या फळीवर, गोधड्यांच्याही वर.