धर्म आणि राष्ट्रांचीं भांडणें

डग्लस जॉन्स्टन व सिंथिया सॅम्प्सन यांनीं संपादिलेला 'रिलिजन, द मिसिंग डायमेन्शन ऑफ स्टेटक्राफ्ट' हा ग्रंथ १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. मुत्सद्दी लोक धर्माकडे कलह मिटविण्याचें साधन म्हणून पाहत नाहींत, अशी संपादकांची तक्रार आहे. ती रास्तच आहे. पण पुराव्यादाखल दिलेलीं सात उदाहरणें वाचकानें जरा निरखून पाहावींत. नायजेरियांतील यादवी, फिलिपाईन्समधील १९८६ ची क्रांति, दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेष, हीं सारीं घरांतलीं भांडणें. दोन राष्ट्रांचें वैर असें एकच, फ्रान्स व जर्मनी यांचें. आणि सातही ठिकाणीं धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्म! 'धर्म' हें सामान्यनाम या ग्रंथांत विशेषनामासारखें वावरतें.

संपादकांच्या सिद्धान्तास अधिक बळकट आधार या सातांबाहेरच्या एका प्रकरणांत सांपडला असता. बीगल सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशीं पिक्टन, लेनॉक्स व न्युएवा हीं बेटें आहेत. १९७७ च्या लवादानें तीं चिलीस दिलीं. आर्जेन्टिनानें निवाडा धुडकावला, आणि १९७८ च्या डिसेंबरांत युद्ध अगदीं दाराशीं आलें. तेव्हां पोप जॉन पॉल दुसरे यांनीं कार्डिनल आन्तोनियो सामोरे यांस धाडलें. ८ जानेवारी १९७९ रोजीं माँटेव्हिडिओ येथें दोन्ही सरकारांनीं मध्यस्थी पत्करली. पुढें १९८० सालीं पोपनीं सुचविलेली तडजोड चिलीनें मान्य केली. आर्जेन्टिनाचे सेनानी मात्र उत्तरच देईनात. १९८२ मध्यें फॉकलंडच्या युद्धांत त्यांचा पराभव झाला, लोकनियुक्त सरकार आलें, त्यानें जनतेचा कौल घेतला, तेव्हां कोठें २९ नोव्हेंबर १९८४ रोजीं तह झाला. सामोरे तो पाहावयास राहिले नव्हते.

मग श्रेय कोणाचें? माझ्या मतें धर्मानें तंटा सोडविला नाहीं. सहा वर्षें तलवार म्यानांत ठेवविली, हेंच त्याचें काम. इंग्लंडच्या राणीच्या नांवें आलेला निवाडा झिडकारणें सेनानींस शोभलें. पोपच्या तडजोडीस उघड नकार देण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. हें थोडें नव्हे. पण तेथें दोन्ही पक्षांचें गुरुपीठ एकच होतें. ज्यांचीं गुरुपीठें निराळीं, त्यांनीं काय करावें?

या दृष्टीनें मला नायजेरियावरील प्रकरण सर्वांत मोलाचें वाटलें. क्वेकर मंडळी कोणत्याच पक्षाचे गुरु नव्हते. दोहोंकडे निरोप नेणें, निमूटपणें ऐकून घेणें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. युद्ध त्यांच्यानें थांबलें नाहीं, तें १९७० सालीं रणांगणावरच संपलें. तरीहि संपादिका सॅम्प्सन यांनीं तें अपयश लपविलेलें नाहीं, आणि इतर सहा प्रकरणांच्या मानानें तेथें विजयाचा सूर कमी आहे.