काचेपलीकडची बाई: ‘ब्रेक्झिट: द अनसिव्हिल वॉर’ पाहताना

माझी पीएचडी मतदारांच्या राजकीय ओळखींवर आहे असं सांगितलं की इंग्लंडमध्ये हमखास एक प्रश्न येतो, “मग तो कंबरबॅचचा सिनेमा पाहिलायस का?” पाहिलाय. तीनदा. पहिल्यांदा आवडला. दुसऱ्यांदा कुठेतरी खटकला. तिसऱ्यांदा आत्याच्या घरी, तिच्या शेजारी सोफ्यावर बसून पाहिला, तेव्हा नेमकं काय खटकतंय ते कळलं. आज त्याबद्दल लिहितेय.

आधी थोडी उजळणी, कारण दहा वर्षांत आकडे विसरायला होतात. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न. ७२.२ टक्के मतदान झालं. १ कोटी ७४ लाख लोकांनी ‘लीव्ह’ म्हटलं, १ कोटी ६१ लाख लोकांनी ‘रिमेन’. म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. इंग्लंड आणि वेल्सनी बाहेर पडायचा कौल दिला. स्कॉटलंडनं ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडनं जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूनं टाकली. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात ७५.६ टक्के ‘लीव्ह’, तर लंडनच्या लॅम्बेथमध्ये ७८.६ टक्के ‘रिमेन’. एकाच देशाचे हे आकडे आहेत यावर विश्वास बसत नाही.

‘ब्रेक्झिट: द अनसिव्हिल वॉर’ हा सिनेमा चॅनल फोरवर ७ जानेवारी २०१९ ला दाखवला गेला. लेखक जेम्स ग्रॅहम, दिग्दर्शक टोबी हेन्स. बेनेडिक्ट कंबरबॅच यात डॉमिनिक कमिंग्ज झालाय, म्हणजे ‘व्होट लीव्ह’ या मोहिमेचा सूत्रधार. समोर पंतप्रधान कॅमेरन यांच्या बाजूचा क्रेग ऑलिव्हर (रोरी किनिअर). कथा अशी की एक विक्षिप्त, हुशार माणूस जुन्या पुढाऱ्यांना बाजूला सारतो, ‘टेक बॅक कंट्रोल’ ही घोषणा घडवतो, डेटा कंपनीच्या मदतीनं कधीच मतदान न करणारे तीस लाख लोक शोधून काढतो आणि देशाचं नशीब पालटतो.

सिनेमा म्हणून मजा येते, हे आधीच कबूल करते. ‘बॅक’ या एका शब्दाचं महत्त्व त्यानं फार छान दाखवलंय. ‘ताबा घ्या’ आणि ‘ताबा परत घ्या’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘परत’ म्हटलं की कुणीतरी तो आपल्याकडून काढून घेतला होता, हे न सांगताच सांगून होतं. कुणी काढून घेतला, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

सगळ्यात चांगला प्रसंग फोकस ग्रुपचा आहे. फोकस ग्रुप म्हणजे आठ-दहा मतदारांना एका खोलीत बसवून बोलतं करायचं आणि मोहिमेच्या लोकांनी काचेपलीकडून ऐकायचं. ऑलिव्हर ऐकत असतो. हळूहळू खोलीत भांडण पेटतं आणि एक बाई रडत ओरडायला लागते. आपण कुणीच नाही, आपल्याला काही कळत नाही असंच सगळे समजतात, याचा तिला उबग आलेला असतो. ऑलिव्हरचा चेहरा पडतो. आपण हरतोय हे त्याला त्या क्षणी कळतं. किनिअरनं ते कमाल केलंय.

पण प्रसंग संपतो, आणि सिनेमा त्या बाईकडे परत जात नाही. ती कोण, कुठून आली, तिचं काय बिनसलं होतं, काही नाही. तिचा संताप हा पुढे कमिंग्जच्या हुशारीसाठी लागणारा कच्चा माल आहे. माझी पहिली तक्रार इथून सुरू होते.

त्या तीस लाखांचंच घ्या. २०१५ च्या निवडणुकीपेक्षा २०१६ ला सुमारे २८ लाख मतं जास्त पडली, हे खरं. पण ती मतं डेटा कंपनीनं ‘शोधली’, असं त्यातून सिद्ध होत नाही. मोहिमेनं नियम मोडले हेही खरं. खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल इलेक्टोरल कमिशननं जुलै २०१८ मध्ये ‘व्होट लीव्ह’ला ६१,००० पौंड दंड केला. मात्र नियम मोडणं ही एक गोष्ट, आणि त्यामुळेच निकाल फिरला ही दुसरी. सिनेमा या दोन गोष्टी इतक्या सफाईनं चिकटवतो की शिवण दिसत नाही.

मग संशोधन काय म्हणतं? बेकर, फेट्झर आणि नोव्ही या तीन अर्थतज्ज्ञांनी मतमोजणीच्या सुमारे ३८० भागांचा अभ्यास केला. युरोपातून आलेले स्थलांतरित आणि युरोपशी असलेला व्यापार यांवरून एखाद्या भागाचा कौल फारसा ओळखता येत नाही, असं त्यांना दिसलं. शिक्षण किती, पूर्वी कारखान्यांवर किती लोक अवलंबून होते, उत्पन्न आणि बेरोजगारी किती, यांवरून तो बऱ्यापैकी ओळखता येतो. पुढे फेट्झर यांनी २०१९ मध्ये आणखी एक पेपर लिहिला. २०१० नंतर ब्रिटिश सरकारनं काटकसरीच्या नावाखाली गरिबांच्या मदतीला कात्री लावली. ज्या भागांना ती जास्त बसली तिथे आधी युकिप या पक्षाचा आणि मग ‘लीव्ह’चा पाठिंबा वाढला, असं त्यांनी मांडलं. हा परिणाम निकाल बदलू शकेल इतका मोठा होता, असाही त्यांचा दावा आहे. ‘इतका मोठा’ म्हणजे नेमका किती, यावर वाद घालता येईल. पण दिशा बघा. ही नाराजी कमिंग्ज कामावर रुजू होण्याच्या कितीतरी आधी साठत आलेली होती. बंद पडलेला कारखाना अल्गोरिदमनं बंद केला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ‘लीव्ह’ मतदार हा उत्तर इंग्लंडमधला बेकार कामगार, संपला विषय. थांबा. इथेच आमच्या विषयातला एक नेहमीचा सापळा आहे. भागाची सरासरी ही त्या भागातल्या माणसाची ओळख नसते. गरीब गावात ‘लीव्ह’ जिंकलं यावरून तिथल्या गरिबांनीच ‘लीव्ह’ला मत दिलं असं म्हणता येत नाही. शिवाय टक्केवारी आणि डोकी यांतही फरक असतो. डॅनी डॉर्लिंग या भूगोलतज्ज्ञांनी सुरुवातीलाच लक्षात आणून दिलं होतं की ‘लीव्ह’ची बहुतांश मतं दक्षिण इंग्लंडमधून आली आणि त्यांत खातापिता मध्यमवर्ग मोठ्या संख्येनं होता. वयाचा फरक तर ठळकच होता. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या मतदानोत्तर पाहणीत १८ ते २४ वयोगटातल्या ७३ टक्के मतदारांनी ‘रिमेन’ सांगितलं आणि ६५ च्या पुढच्या ६० टक्के मतदारांनी ‘लीव्ह’.

त्याच पाहणीत आशियाई वंशाच्या मतदारांपैकी ३३ टक्के ‘लीव्ह’ होते. दर तीन जणांत एक. त्यांपैकी एक माझी आत्या.

आत्या इथे नर्स म्हणून आली आणि निवृत्तही इथेच झाली. राहते हाउन्स्लोमध्ये. तिथला निकाल अगदी काठावरचा होता, ५१.१ टक्के ‘रिमेन’. तिचं कारण साधं होतं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, तिच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी व्हिसा मिळाला नव्हता. आणि शेजारच्या घरात युरोपातून आलेल्या कुटुंबाकडे नातेवाईक हवे तेव्हा येऊन राहत होते. “माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं गं,” ती म्हणते, “पण रांग सगळ्यांना सारखी हवी ना?” मोहिमेनंही ही दुखरी नस ओळखली होती. युरोपातून बाहेर पडलो तर दक्षिण आशियातून आचारी आणता येतील आणि करी हाउसेस वाचतील, असं प्रीती पटेल तेव्हा सांगत होत्या. शिवाय कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मत होतं. लंडनमध्ये राहणारा भारतीय पासपोर्टधारक मत देऊ शकत होता, पण वीस वर्षं राहिलेला पोलिश किंवा फ्रेंच माणूस देऊ शकत नव्हता.

आत्यासारखी मतदार मला या सिनेमात कुठेच दिसली नाही. ती रडत नाही, ओरडत नाही, तिला कुणी ‘शोधून’ काढलेलं नाही. प्रत्येक निवडणुकीत ती मत देते. तिला वगळलं की ‘लीव्ह’ मतदाराचं चित्र सोपं होतं: बिचारा, रागावलेला आणि सहज फसणारा. हे चित्र पाहून ‘रिमेन’वाल्यांना बरं वाटतं, कारण मग हरण्यात त्यांची काही चूक उरत नाही.

माझी दुसरी तक्रार नावाबद्दल आहे. ‘अनसिव्हिल वॉर’, म्हणजे असभ्य यादवी. पण हे युद्ध सुरू कधी झालं? सिनेमा निकालापाशी जवळजवळ संपतो, आणि मग कमिंग्जला एका काल्पनिक चौकशीपुढे बसवतो. संशोधन मात्र सांगतं की खरी फाटाफूट निकालानंतर घट्ट झाली. होबोल्ट, लीपर आणि टिली यांचा यावरचा अभ्यास आमच्याकडे सगळेच वाचतात. २०१६ च्या आधी युरोपियन युनियन हा बहुतेक मतदारांच्या रोजच्या चिंतांमध्ये बराच खाली होता. ‘लीव्हर’ आणि ‘रिमेनर’ अशा ओळखीच नव्हत्या. सार्वमतानं त्या तयार केल्या, आणि त्या पक्षांच्या सीमा ओलांडून गेल्या. लोक आपल्या बाजूच्यांना प्रामाणिक आणि मोकळ्या मनाचं समजायला लागले, समोरच्यांना स्वार्थी आणि ढोंगी. समोरच्या बाजूच्या माणसाशी राजकारणावर बोलायला किंवा आपल्या मुलानं त्यांच्याकडे लग्न करायला नाखुशी दिसली. देशाची अर्थव्यवस्था बरी चाललीय की वाईट, हेसुद्धा लोक आपली बाजू बघून ठरवायला लागले.

याचा अर्थ नीट पाहा. हो-नाही असा एकच प्रश्न विचारला की शंभर वेगवेगळ्या तक्रारींची दोनच गाठोडी होतात. आत्याची व्हिसाची तक्रार, बॉस्टनच्या माणसाची पगाराची, एखाद्या निवृत्त वकिलाची सार्वभौमत्वाची, सगळ्या एका गाठोड्यात. आणि मग गाठोड्यालाच नाव पडतं, झेंडा मिळतो. माझा आतेभाऊ ‘रिमेन’वाला. गेली कित्येक वर्षं गणपतीत आरती झाली की जेवणाच्या टेबलावर युरोप सोडून सगळ्यावर बोलणं होतं. त्यांना भांडायला कमिंग्जनं शिकवलं नाही. निकालानंतर दोघांनी एकमेकांना एकेक शब्द चिकटवला, तो निघालाच नाही.

सिनेमा घाईत बनला, हेही जाणवतं. तो दाखवल्यानंतर आठच दिवसांनी, १५ जानेवारीला, थेरेसा मे यांचा करार संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. म्हणजे बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे अडीच वर्षांनंतरही ठरत नव्हतं. नाराजीचा दुसरा अंक तिथेच चालू होता, दोन्ही बाजूंकडे, आणि त्यात कुणी जादूगार नव्हता.

तिसरा अंक तर सिनेमाच्या फार नंतरचा. जानेवारी २०२१ पासून मुक्त संचार थांबला आणि नवी पॉइंट्सची पद्धत आली. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर, सुधारित आकड्यांनुसार, नऊ लाखांच्या घरात गेलं. त्यात भारतीयांची संख्या मोठी होती. त्यांत मीही आहे. शिक्षणानंतर दोन वर्षं कामाची मुभा देणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, तो बघूनच मी इथे मास्टर्सला आले आणि मग पीएचडीला राहिले. माणसं कमी यावीत म्हणून ज्यांनी ‘लीव्ह’ला मत दिलं, त्यांच्या मतातून माझ्यासाठी दार उघडलं. मुलाखती घेताना समोरचा माणूस कधीकधी हे बोलून दाखवतो. त्यावर काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

म्हणून सिनेमाला नावं ठेवताना मला जरा जपून बोलावं लागतं. काचेपलीकडे बसून ऐकण्याचं काम मीही करते. माझ्या फाइलमध्ये त्या बाईच्या जागी एक क्रमांक आहे, वयाचा रकाना आहे आणि ‘नाराजी’ नावाचा एक ते सात असा आकडा आहे. सिनेमानं तिला एक प्रसंग तरी दिला. फरक इतकाच की आम्ही पुन्हा जातो. त्याच माणसांना दरवर्षी तेच प्रश्न विचारतो, आणि ती बदलली तर बदलली असं लिहून ठेवतो. आता पाहण्यांमध्ये अर्ध्याहून जास्त लोक युरोपियन युनियन सोडणं चुकलं असं म्हणतात. ही नाराजीही ‘शोधायला’ कुणी जादूगार लागला नाही.

सिनेमा जरूर पाहा. किनिअरसाठी पाहा, त्या खोलीसाठी पाहा. फक्त तो ‘ब्रेक्झिट का झालं’ याचं उत्तर म्हणून पाहू नका.

तिसऱ्यांदा पाहताना तो फोकस ग्रुपचा प्रसंग संपला तेव्हा आत्यानं रिमोट उचलून सिनेमा थांबवला. मला वाटलं, चहा टाकायला उठतेय. ती म्हणाली, “पुढे तिला कुणी काही विचारलं का गं?” नाही म्हटलं. “मग लाव पुढे,” म्हणाली, आणि उरलेला सिनेमा तिनं विणकाम करत पाहिला.