नाट्यातील पिता, कायद्यातील पिता आणि एकाकी वृद्ध

मराठी रंगभूमीने वार्धक्याचे दुःख प्रामुख्याने कुटुंबाच्या चौकटीत पाहिले आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर हयातीतच सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करतात आणि अखेर रस्त्यावर येतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील वृद्ध दांपत्य दूर गेलेल्या मुलांची वाट पाहत राहते. दोन्ही नाटकांत वार्धक्याच्या वेदनेचे मोजमाप अपत्यांच्या संदर्भातच होते.

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हाही याच कल्पनेवर उभा आहे. निर्वाहाचा दावा अपत्यांवर, आणि निःसंतान असल्यास मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकावर करावयाचा. त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये. कलम २३ नुसार मालमत्तेचे हस्तांतरण रद्द होऊ शकते. परंतु कलमाच्या शब्दांप्रमाणे ते सांभाळाच्या अटीवर झालेले असावे लागते. बेलवलकरांनी अट घातली नव्हती, विश्वास टाकला होता. म्हणजे हे कलम सावध पित्यास जितके तारते, तितके भाबड्या पित्यास तारत नाही.

ज्याच्यावर दावा करावा असे कोणीच नाही, त्या एकाकी वृद्धाचा प्रश्न याहून बिकट आहे. त्याच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. योजनेचे नावही आदर्श पुत्राच्या कथेतूनच आले, हे लक्षणीय होय. वयाचा व उत्पन्नाचा दाखला, आधारजोडणी असलेले बँक खाते आणि दरवर्षी हयातीचा दाखला या साऱ्यांसाठी वृद्धालाच पायपीट करावी लागते. निर्वाह न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असते. बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके बारामती उपविभागात येतात. त्यामुळे इंदापूरच्या वृद्धास सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास घडतो. जो उंबरठाही ओलांडू शकत नाही, त्याने कोठे जावे?

वास्तविक कायद्यातच उत्तराची बीजे आहेत. कलम ५ नुसार असमर्थ वृद्धाने प्राधिकृत केलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी, अशीही नियमांची अपेक्षा आहे. मात्र यादीत नाव कोणी घालावयाचे, हा प्रश्न उरतोच. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी दत्तक गावात तलाठी व आशा सेविका यांच्या साहाय्याने हे काम केल्यास शासन वृद्धाच्या दारापर्यंत पोहोचेल. पुत्राची वाट पाहणारा वृद्ध मराठी नाटकाने अजरामर केला. ज्याला वाट पाहण्यासही कोणी नाही, त्याची दखल साहित्याने आणि शासनाने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.