तीन बाइटांची तक्रार

मागच्या व्याख्यानात आपण आस्की पाहिलं. आज एक नेहमीची तक्रार तपासू: यूटीएफ-८ मराठीवर अन्याय करतं, इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि आपल्याला तीन.

तक्रार खोटी नाही. ‘मराठी’ शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. १९९१ च्या इस्की मानकात हाच शब्द ५ बाइटांत बसायचा. पण तिथे एकच संकेत देवनागरीचाही आणि बंगालीचाही. लिपी कोणती, ते वेगळं सांगावं लागे. यूनिकोडनं प्रत्येक लिपीला स्वतंत्र क्रमांक दिले. यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटांत २,०४७ क्रमांकापर्यंतच जाता येतं आणि देवनागरी सुरू होते २,३०४ पासून. म्हणून तिसरा बाइट.

आमच्या मते खरा दोष दुसरीकडे आहे. ‘लक्ष्मी’ हे नाव घ्या. आपल्या डोळ्यांना अक्षरं दोन, यूनिकोडच्या हिशेबानं चिन्हं सात, बाइट २१. आता कुणी नावासाठी २० बाइटांचा रकाना ठेवला, तर शेवटच्या वेलांटीचा एक बाइट बाहेर राहतो आणि तिच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. हा गुन्हा यूटीएफ-८ चा नव्हे. बाइट म्हणजेच अक्षर असं धरून रकाना आखणाऱ्याचा आहे. जागा वाढवून मागण्याआधी आपण मोजणी सुधारून मागितली पाहिजे, कारण कापलं जातं ते माणसाचं नाव.