झिनियाची मान

झिनियाचं फूल डोळ्यांनी पाहण्याआधी त्याची मान हातानं पाहावी. फुलापासून वीतभर खाली दांडा चिमटीत धरायचा आणि हलकेच हलवायचा. फूल लटपटलं, तर ते कच्चं. काडीसारखं ताठ राहिलं, तर खुशाल कापावं. रंग दोघांचाही भरलेला, पाकळ्या दोघांच्याही उघडलेल्या. फरक फक्त बोटांना कळतो. घाई करून कापलेलं फूल पाण्यात पुढे उमलत नाही, संध्याकाळपर्यंत मान टाकतं.

आणि या फुलाला नाव मिळालं ते डोळ्याच्या अभ्यासकाचं! ग्योटिंगेनच्या योहान गॉटफ्रीड झिननं १७५५ साली मानवी डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. डोळ्यातलं भिंग चहूबाजूंनी तोलून धरणारे बारीक तंतू अजून त्याच्याच नावानं ओळखले जातात. १७५९ मध्ये तो गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. मेक्सिकोकडच्या या फुलाला लिनियसनं त्याचं नाव दिलं.

आता फूल अगदी जवळ घ्या, एकेरी असेल तर फारच छान. ज्याला आपण एक फूल म्हणतो, ती खरं तर भरलेली जत्रा आहे. कडेची प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल. मधल्या काळपट गोंड्यावर पाच टोकांच्या पिवळ्या चांदण्या उमलतात, त्या बाहेरच्या कडेकडून आत, एकेक फेर धरत. मधला भाग रोज थोडा उंचावतो, चांदण्यांचा फेर वर सरकतो, आणि तळाच्या पाकळ्या मात्र जागच्या हलत नाहीत. त्या गळतच नाहीत. रंग विटतो, कागदासारख्या करकरीत होतात, तरी धरून असतात. वाळलेली पाकळी उपटली की तिच्या टोकाला चपटं, बाणाच्या फाळासारखं बी चिकटून येतं. पुढच्या वर्षीचं सगळं झाड त्या फाळात.

आमच्या प्राणहितेकाठच्या सिरोंचात हे बी जुलैच्या मध्यावर टोकावं. ऊबदार मातीत चार-पाच दिवसांत ते वर येतं. वाफे उंच हवेत; पाणी साचलं की झिनिया खचते. दोन रोपांत हातभर नाही तरी वीत-दीड वीत अंतर हवंच, कारण दमट, कोंडलेल्या हवेत पानांवर भुरी चढते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या झिनियालाही अती ओलाव्यानं बुरशी लागली होती. अंतराळवीर स्कॉट केलीनं पंखा वाढवून, पाणी किती द्यायचं ते स्वतः ठरवून ती सावरली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे नारिंगी फूल उमललं. वारा खेळता ठेवणं, हेच तिथेही औषध ठरलं.

दोन-सव्वादोन महिन्यांत पहिला बहर येतो, म्हणजे भाद्रपद अमावास्येच्या आसपास. आणि त्याच अमावास्येला तेलुगू घरांतला फुलांचा सण, बतुकम्मा, बसतो.

आपल्या फुलबाजाराला दांडा नको असतो. झेंडू, शेवंती किलोवर तोलतात, हारात ओवतात. देठ म्हणजे वजनातली खोट. पण प्राणहितेच्या या काठावर, तेलुगू बोलणाऱ्या घरांत, नऊ दिवस दांड्याला मान असतो. ताटात फुलं गोल रचत जायची: तोंडं बाहेर, दांडे आत, मधली पोकळी पाल्यानं भरायची. गुनुगु म्हणजे कुर्डू, तंगेडु म्हणजे तरवड, बंती म्हणजे झेंडू. पहिला हक्क त्यांचा. झिनिया यांत पाहुणी, पण मला ती सगळ्यांत शोभते ती तिच्या स्वभावामुळे: फेरांनी बनलेलं फूल फेरांच्या मनोऱ्यात बसतं, आणि न गळणाऱ्या पाकळ्या रात्रीपर्यंत तशाच राहतात.

शेजारची अक्का पहाटे परडी घेऊन येते. ‘दोनच घेते’ म्हणते आणि मीच दहा कापून देते. कच्च्यांना हात लावत नाही ती. मान हलवून पाहायची, पुढे सरकायचं. कापताना मात्र लांब दांडा घ्यावा, पानांच्या जोडीच्या वर. खालची पानं लगेच काढावीत, नाहीतर पाणी गढूळ होतं. घरात ठेवायची असतील तर पाणी रोज बदलावं. आठवडा सहज निघतो.

दुर्गाष्टमीच्या संध्याकाळी मनोरे नदीत सोडून सगळ्या परततात. दुसऱ्या सकाळी वाफ्यात वाकून पाहिलं, तर अक्कासाठी चार दिवसांपूर्वी कापलेल्या जागी, खरखरीत पानांच्या दोन्ही बेचक्यांत, एकेक हिरवं टोक.