नोंद आणि व्यक्ती

सत्ता केवळ निषेध करते, हा रूढ समज मिशेल फूको यांनी खोडून काढला. सत्ता ज्ञान निर्माण करते व त्या ज्ञानाच्या बळावर माणसाचे स्वत्वही ठरवून देते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. एर्क्युलीन बार्बँ हिचे आत्मकथन १९७८ मध्ये त्यांनी प्रकाशात आणले, ते ह्या विचाराशी सुसंगतच होते. जन्मतः मुलगी म्हणून नोंदली गेलेली आणि पुढे शिक्षिका झालेली ही व्यक्ती. वैद्यकीय तपासणीनंतर १८६० मध्ये न्यायालयाने तिला पुरुष ठरविले आणि १८६८ मध्ये पॅरिस येथे तिने आत्महत्या केली. वैद्याचे ज्ञान कोठे संपते व न्यायालयाची सत्ता कोठे सुरू होते, हे येथे सांगता येत नाही.

परंतु ह्या व्यक्तीच्या पूर्वायुष्यात मात्र फूको यांना स्वत्वाच्या बंधनापलीकडचे सुख दिसते. सत्तेबाहेर असे स्थळच नाही, हे तर त्यांनीच १९७६ मध्ये मांडले होते! ज्यूडिथ बटलर यांनी १९९० मध्ये ही विसंगती दाखविली, ती यथार्थच आहे. तथापि तो निव्वळ तर्कदोष नव्हे. आत्मकथनातील व्यथा कोणत्याही नोंदीत मावत नाही. ती ऐकताना सिद्धांतकारालाही स्वतःच्या सिद्धांताचा विसर पडला, ह्यातच त्या लेखनाचे सामर्थ्य आहे.