फोटोतील मजकुराचे भाषांतर : झाकलेल्या मुळाविषयी

लखनौच्या चारबाग स्थानकावर गावाचे नाव देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिपींत लिहिलेले आहे. फोटोतला मजकूर वाचून भाषांतर करणाऱ्या ॲपची परीक्षा विद्यार्थ्यांनी तिथून सुरू करावी.

असे ॲप आधी फोटोत अक्षरे कुठे आहेत ते शोधते, मग ती ओळखते आणि शेवटी भाषांतर करते. मागच्या पायरीची चूक पुढच्या पायरीला सहसा कळत नाही. समजा, एक अक्षर बरोबर ओळखले जाण्याची शक्यता ९५ टक्के आहे आणि प्रत्येक अक्षराची चूक स्वतंत्र आहे. मग पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्केच उरते.

घात होतो तो बहुधा ठिपक्यावर. अनुस्वार उडाला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते. अमीनाबादमधल्या उर्दू पाट्यांवर तर नस्तालीक वळणात शब्द तिरपा खाली उतरतो, अक्षरे एकमेकांवर चढतात. उभे काप देऊन ती सुटी करता येत नाहीत. त्यात नुक्ता वर असला तर ‘खुदा’, खाली असला तर ‘जुदा’.

लिपी वाचली तरी भाषा ठरवायची राहतेच. ‘शिक्षा विभाग’ ही पाटी पहिल्यांदा पाहून मी मराठी माणूस क्षणभर थबकलो होतो. दोन शब्दांच्या पाटीवरून यंत्राने तरी काय ठरवावे?

हे दोष हळूहळू कमी होतील. माझा खरा आक्षेप पडद्यावरच्या मांडणीला आहे. २०१० साली आलेल्या वर्ड लेन्सने मूळ अक्षरे पुसून त्याच जागी भाषांतर दाखवले. गूगलने २०१४ मध्ये ते विकत घेतले आणि २०१५ मध्ये आपल्या भाषांतर ॲपमध्ये आणले. करामत मोठीच, तेही इंटरनेटशिवाय! पण या मांडणीत चुकीचे भाषांतरही बरोबर भाषांतराइतकेच ठाशीव दिसते, आणि शंका यावी असे जे काही होते तेच झाकले जाते. खानावळीच्या मेन्यूवर हे खपून जाईल. औषधाच्या वेष्टनावर ‘बच्चों को न दें’ असे असेल आणि त्यातला ‘न’ वाचलाच गेला नाही, तर उरलेले वाक्य व्याकरणशुद्धच असते.

यंत्राला स्वतःच्या खात्रीचा अंदाज नसतो असे नाही. टेसरॅक्ट ही खुली प्रणाली प्रत्येक शब्दासोबत विश्वासांक देते. तुमच्या प्रकल्पात तो आकडा फेकून देऊ नका. मूळ फोटोचे कात्रण भाषांतराशेजारीच ठेवा आणि कमी विश्वासांकाचे शब्द वेगळ्या रंगात दाखवा. पडदा थोडा गिचमिड दिसेल, दिसू द्या.